नारिंगी बुरशी पांढरी का पडते? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात 'न्यूरोस्पोरा' या नारिंगी बुरशीवर आणि तिच्यात जनुकं गप्प कशी बसतात यावर एक छोटं टिपण होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या पुस्तकात 'न्यूरोस्पोरामध्ये जीन सायलेन्सिंग आढळते' एवढी एकच ओळ आहे. प्राणी आणि पिकं सोडून हा अभ्यास पावावरच्या बुरशीत कशाला करतात?
*— बी.एस्सी. द्वितीय वर्ष, दारव्हा*

कारण इथे जनुक गप्प झालेलं डोळ्यांनी दिसतं. न्यूरोस्पोरा क्रासाचा नारिंगी रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा आहे. ती तयार होण्याच्या साखळीत 'अल-१' नावाच्या जनुकाचं एन्झाइम लागतं. ते नसेल तर साखळी फायटोईन या बिनरंगी पदार्थापाशीच अडते आणि बुरशी पांढरी राहते. म्हणजे अल-१ चालू आहे की बंद, हे कळायला ना यंत्र लागतं ना महागडं रसायन. परीक्षानळी उजेडात धरली की झालं.

१९९२ साली रोममध्ये निकोलेटा रोमानो आणि ज्युसेप्पे मचिनो यांनी धडधाकट नारिंगी बुरशीत अल-१ चे जादा तुकडे घातले. त्यातल्या बऱ्याच वसाहती पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या निघाल्या. बाहेरून घातलेलं जनुक तर गप्प झालंच, पण बुरशीचं स्वतःचं, जागेवर शाबूत असलेलं जनुकही गप्प झालं. या प्रकाराला त्यांनी 'क्वेलिंग' म्हटलं. दोन वर्षं आधी, १९९० मध्ये, पेटुनियाच्या फुलांत असंच दिसलं होतं: रंग गडद व्हावा म्हणून जादा जनुक घातलं आणि फुलं पांढरी उमलली. आरएनएची (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूची) दुहेरी साखळी हे या सगळ्यामागचं मूळ आहे, हे १९९८ मध्ये फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी सूत्रकृमीवर दाखवलं. २००६ चं नोबेल त्यालाच मिळालं.

बुरशीची खरी कमाई त्यानंतरची आहे. क्वेलिंगनं पांढऱ्या पडलेल्या वाणात उत्परिवर्तनं घडवायची आणि हजारो पांढऱ्या वसाहतींत पुन्हा नारिंगी झालेली शोधायची. जी नारिंगी झाली तिच्यात गप्प करणारी यंत्रणाच मोडली असणार! या युक्तीनं क्यूडीई-१, क्यूडीई-२ आणि क्यूडीई-३ ही तीन जनुकं हाती लागली. पहिलं आरएनएवरून आरएनएची नक्कल काढणारं पॉलिमरेज, दुसरं आरएनएच्या छोट्या तुकड्यांच्या मदतीनं निरोपाचा आरएनए गाठणारं आर्गोनॉट आणि तिसरं डीएनएचा पीळ उकलणारं हेलिकेज. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत ही ओळख पटली. दुहेरी आरएनए कापून पंचविसेक अक्षरांचे तुकडे पाडणारी डायसर ही एन्झाइमं पुढे सापडली. या बुरशीत ती दोन आहेत आणि एक बंद पडलं तर दुसरं काम सांभाळतं. उत्परिवर्तनांच्या चाळणीत डायसर का सापडलं नव्हतं, याचं उत्तर इथेच आहे.

आणखी एक सोय म्हणजे तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ गुणसूत्रांच्या एकाच संचावर चालतो. जनुक बिघडलं की ते झाकायला दुसरी प्रत नसते. गुणसूत्रं सात, डीएनए सुमारे चार कोटी अक्षरांचा, जनुकं दहा हजारांच्या आसपास. संपूर्ण जनुकसंच २००३ मध्ये वाचून झाला. शिवाय बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये 'एक जनुक, एक एन्झाइम' हे याच बुरशीवर दाखवलं होतं (नोबेल १९५८), त्यामुळे उत्परिवर्ती वाणांचा मोठा साठा आयताच हाताशी होता.

प्रश्न : क्वेलिंग, रिप आणि मायोटिक सायलेन्सिंग हे तिन्ही एकच का? परीक्षेत दरवेळी घोटाळा होतो.
*— दोन विद्यार्थिनी, चिमूर*

तिन्ही वेगळे आहेत. घोटाळा टाळायचा असेल तर नावं बाजूला ठेवा आणि प्रत्येक गोष्ट बुरशीच्या आयुष्यात कधी घडते ते पाहा.

क्वेलिंग घडतं साध्या वाढीच्या काळात, संकर नसताना. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. जनुकाचा निरोप नेणारा आरएनए तेवढा कापला जातो. म्हणून ते उलटू शकतं, जादा प्रती गळून पडल्या की रंग परत येतो. गप्प झालेल्या वाणाचे आणि धडधाकट वाणाचे तंतू एकत्र जोडले तर मिश्र बुरशीही पांढरी होते, कारण गप्प करणारा आरएनए एका केंद्रकापुरता राहत नाही.

रिप घडतं संकराच्या वेळी. संकरातल्या दोन विरुद्ध जातींची (मेटिंग टाइप) केंद्रकं एका पेशीत आलेली असतात पण अजून एकजीव झालेली नसतात, त्या टप्प्यावर. कुठलाही साधारण ४०० अक्षरांहून लांब आणि ८० टक्क्यांहून अधिक जुळणारा तुकडा एकाच केंद्रकात दोनदा दिसला की दोन्ही प्रतींमध्ये 'सी'च्या जागी 'टी' येऊ लागतात. एकाच संकरात त्या तुकड्यातल्या जी-सी जोड्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत बदलू शकतात. हे कायमचं नुकसान, परत फिरत नाही. उरलेल्या अक्षरांवर बहुधा मिथाइल गटही चढतात. १९८७ पासून एरिक सेल्कर यांच्या गटानं हे उलगडत नेलं. रिपचे फायदे-तोटे बुरशी दोन्ही भोगते: उड्या मारणारी जनुकं तिच्यात टिकत नाहीत, पण एका जनुकाच्या दोन प्रती होऊन नवं जनुक घडण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. डीएनएचा फार मोठा पट्टा दुप्पट झालेला असेल तर रिपची ताकद विभागली जाते आणि लहान तुकडे वाचतात. हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात दुर्गादास कसबेकर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलेलं आहे. परदेशी उदाहरणांच्या रांगेत हे उत्तरपत्रिकेत जरूर लिहा.

तिसरं त्याहूनही पुढच्या टप्प्यावर, केंद्रकं एकजीव होऊन गुणसूत्रं जोडीनं उभी राहतात तेव्हा. एखाद्या जनुकाला समोर जोडीदार नसेल तर ते जनुक आणि त्याच्याशी जुळणारी पेशीतली प्रत्येक प्रत तेवढ्या काळापुरती गप्प केली जाते. हे २००१ मध्ये शियू, राजू, झिकलर आणि मेट्झेनबर्ग यांनी मांडलं. यातले नंबूरी राजू मूळचे आपल्याकडचे. 'राउंड स्पोअर' वाणाचं उदाहरण लक्षात ठेवा. त्या वाणाचा धडधाकट वाणाशी संकर केला तर निम्मे बीजाणू लांबट आणि निम्मे गोल यायला हवेत, पण सगळेच गोल येतात. धडधाकट जनुकाला जोडीदार मिळाला नाही, म्हणून तेही गप्प बसलं. असं गप्प करायला लागणारं सॅड-१ हे जनुक निकामी केलं की लांबट बीजाणू परत दिसू लागतात.

क्वेलिंग आणि हे तिसरं, दोन्ही आरएनएवर चालतात आणि त्यांचे कारागीर एकमेकांचे भाऊबंद आहेत. रिपला मात्र आरएनएची ही यंत्रणा लागत नाही. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

प्रश्न : यीस्ट तर आणखी सोपी बुरशी. मग यीस्टच का नाही?
*— अध्यापक, आर्वी*

पावाच्या यीस्टमध्ये ना डायसर आहे ना आर्गोनॉट. उत्क्रांतीत ती यंत्रणा गेली. फिशन यीस्टमध्ये मात्र ती आहे, आणि गुणसूत्रांचे घट्ट वळलेले भाग कसे टिकतात याचा अभ्यास तिच्यात उत्तम होतो.

प्रश्न : आमच्या ग्रामीण महाविद्यालयात ऑटोक्लेव्ह बिघडलेला आहे, एसी नाही. तरी ही बुरशी वाढवून दाखवता येईल का? माध्यम काय वापरावं?
*— प्रयोगशाळा सहायक, मेहकर*

येईल, आणि वाढवणं हा यातला सोपा भाग आहे. ती आवरणं अवघड.

व्होगेलचं माध्यम एक लिटरसाठी असं करा. सोडियम सायट्रेट २.५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम, अमोनियम नायट्रेट २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण ०.१ मिली, बायोटिन ५ मायक्रोग्रॅम, साखर १५ ते २० ग्रॅम, आगर १५ ग्रॅम. क्षार याच क्रमानं, एक पूर्ण विरघळल्यावर दुसरा घाला. कॅल्शियम क्लोराइड थोड्या पाण्यात वेगळं विरघळवून सगळ्या क्षारांच्या शेवटी, ढवळत ढवळत सोडा. आधी किंवा एकदम टाकलं तर फॉस्फेटशी मिळून पांढरा गाळ बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. नेहमी लागणार असेल तर क्षारांचं पन्नासपट तीव्र द्रावण करून, लिटरमागे ३ ते ५ मिली क्लोरोफॉर्म घालून बाहेरच ठेवता येतं. अमोनियम नायट्रेट २०१२ च्या नियमांखाली येतं, ते रसायनशास्त्र विभागाच्या नोंदीतूनच घ्या.

बायोटिन विसरू नका. या बुरशीला बाहेरून लागणारं जीवनसत्त्व तेवढं एकच. 'तंतू आले पण पातळ, पावडर नाही' अशी तक्रार असेल तर आधी बायोटिनची बाटली तपासा.

ऑटोक्लेव्हऐवजी घरचा प्रेशर कुकर चालतो. शिट्टीचं वजन साधारण १५ पौंड दाबाचं असतं, म्हणजे आत १२१ अंश. पहिली वाफ जोरात निघून जाऊ द्या, मग वजन ठेवा. दाब आल्यावर आच कमी करून २० ते ३० मिनिटं. कुकर आपोआप निवू द्या. घाईनं वाफ सोडली तर नळ्यांतलं माध्यम उसळून बोळे भिजतात, आणि भिजलेला बोळा म्हणजे दूषणाला उघडं दार.

बोळ्यासाठी औषधाच्या दुकानातला कापूस नको. तो पाणी शोषण्यासाठीच धुतलेला असतो. जिनिंगमधून निघालेली कच्ची रुई घ्या. तिच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून ती वाफेतही चटकन भिजत नाही. या एका बाबतीत विदर्भातली प्रयोगशाळा मुंबईच्या पुढे आहे!

लावण झाल्यावर दोन दिवस ३० अंशांच्या आसपास आणि मग चार-पाच दिवस खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. अनुकूल उष्णतेला तंतू ताशी ३ ते ४ मिलिमीटर पुढे जातात, म्हणजे सकाळी लावलेली पेट्री डिश दुसऱ्या दिवशी भरत आलेली असते. तंतूंचा रंग उजेडानं वाढतो. कपाटात अंधारात ठेवलेल्या नळीतले तंतू धडधाकट वाणाचेही फिके दिसतात, आणि 'जनुक गप्प झालं' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तुलना करायच्या नळ्या एकाच वयाच्या, एकाच उजेडात ठेवलेल्या हव्यात.

आता आवरण्याचं. नारिंगी पावडर म्हणजे कोरडे, अतिशय हलके बीजाणू. नळी उघडली आणि कूलर चालू असेल तर अर्ध्या तासात ती खोलीभर. कूलर, पंखा बंद करा, खाली स्पिरिटनं ओला केलेला कागद पसरा, नळीत आधी थोडं निर्जंतुक पाणी सोडून पावडर भिजवा, मगच लूप घाला. काम संपल्यावर प्रत्येक नळी कुकरमधून काढूनच धुवायला द्या. जीवाणूंच्या प्लेटा त्याच टेबलावर त्याच दिवशी करू नका.

दुकानातल्या पावावर वाढवायला जाल तर कदाचित काहीच उगवणार नाही, त्यात बुरशीरोधक प्रोपिओनेट असतं. दाणे काढलेलं, उकडलेलं मक्याचं कणीस त्याहून चांगलं.

प्रश्न : संकर मे महिन्यात तीनदा लावला. काळे दाणे धरतच नाहीत. वाण खराब आला का?
*— अध्यापक, हिंगणघाट*

वाण नव्हे, महिना खराब. वाढीला ३४ अंश छान, पण संकराला २५ अंश हवेत. तीसच्या वर फळं, म्हणजे हे काळे दाणे, धरत नाहीत, धरली तरी पोकळ राहतात. एसी किंवा थंड इन्क्युबेटर नसेल तर हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या आणि रात्रीच्या थंडीपासून नळ्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा.

दुसरं कारण माध्यम. व्होगेलमध्ये अमोनियम आहे आणि भरपूर नायट्रोजनवर बुरशी फळं धरायचं टाळते. संकराचं माध्यम लिटरला असं: पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.७, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.५, सोडियम क्लोराइड ०.१, कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, सूक्ष्म मूलद्रव्यं आणि बायोटिन वरीलप्रमाणेच, साखर १० ते २० ग्रॅम, आगर तेवढंच. आधी एक जात पाच-सहा दिवस वाढवा. मग विरुद्ध जातीचे बीजाणू पाण्यात कालवून वरून थेंब सोडा. मोठा 'ए' आणि लहान 'ए' अशा दोन जाती असतात, एकाच जातीच्या दोन नळ्या कितीही दिवस ठेवल्या तरी काही होत नाही.

तीनेक दिवसांत काळे ठिपके फुगतात, दहा-चौदा दिवसांत बीजाणू उडून नळीच्या वरच्या काचेला चिकटतात. ते लगेच उगवत नाहीत. आठवडा-दोन आठवडे पिकू द्या, पाण्यात घ्या आणि ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. या उष्णतेनं संकराचे बीजाणू जागे होतात आणि सोबत आलेली नारिंगी पावडर मरते. ही पायरी गाळली तर प्लेटवर संकराची संतती न येता आई-बापच उगवतात. अल-१ बिघडलेला पांढरा वाण आणि धडधाकट वाण यांच्या संकरात निम्मी संतती पांढरी, निम्मी नारिंगी दिसते. एवढ्या प्रयोगाला जनुक घालण्याची परवानगीही लागत नाही.

प्रश्न : धिंगरी अळिंबीच्या पिशव्यांवर आठवड्यात नारिंगी पावडर चढते. सोयाबीनचं कुटार गरम पाण्यातून काढतो, तरीही. हीच ती बुरशी का? विषारी आहे का?
*— अळिंबी उत्पादक, समुद्रपूर*

दोन-तीन दिवसांत फुलणारी, हात लावताच धुरळा उडणारी नारिंगी असेल तर बहुधा हीच. पाणी किती गरम असतं ते मोजा. वरच्या उत्तरात पाहिलंत, ६० अंश अर्धा तास ही या बुरशीच्या सुप्त बीजाणूंना उठवायची कृती आहे! जळालेल्या शेतात ती पहिल्यांदा उगवते तीही त्यामुळेच. रमेश माहेश्वरी यांनी भारतात जाळलेल्या उसाच्या फडांत तिच्या भाऊबंदांचा अभ्यास केला होता. पाणी ८० अंशांच्या वर ठेवून तासभर तरी द्या आणि कुटार पूर्ण बुडालेलं असू द्या.

विष बनवणारी म्हणून ही ओळखली जात नाही, इंडोनेशियात तिच्या जातभाईवर आंबवलेला 'ओन्चोम' लोक खातात. पण पावडर दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकते आणि पिशवीतलं अन्न ती अळिंबीच्या आधी खाते. लागलेली पिशवी फोडू नका. ओल्या पोत्यात गुंडाळून बाहेर न्या, उकळत्या पाण्यात बुडवा, मग पुरा. धुऱ्यावर फेकलीत तर वाऱ्यानं परत तुमच्याच शेडमध्ये येईल.

प्रश्न : प्रकल्पात अल-१ चा तुकडा हायग्रोमायसिन (बुरशी मारणारं प्रतिजैविक) रोधक जनुकासोबत घातला. पांढऱ्या आलेल्या काही वसाहती दुसऱ्या-तिसऱ्या लावणीत पुन्हा नारिंगी झाल्या. प्रयोग वाया गेला का?
*— एम.एस्सी. विद्यार्थिनी, वरूड*

वाया नाही, उलट क्वेलिंगची ती एक खूणच आहे. घातलेल्या प्रती सहसा एकापाठोपाठ एक अशा रांगेनं बसतात आणि वाढीत त्यातल्या काही गळतात. प्रती कमी झाल्या की रंग येतो. नारिंगी झालेल्या आणि पांढऱ्या राहिलेल्या वसाहतींतल्या प्रतींची संख्या मोजून तुलना करा, प्रकल्पाचं चांगलं प्रकरण होईल.

दुसरी शक्यताही तपासा. एका बीजाणूत बहुधा दोन-तीन केंद्रकं असतात. एकातच जनुक शिरलं असेल तर वसाहत मिश्र असते आणि पुढे जुनं केंद्रक वरचढ होतं. हायग्रोमायसिन यात मदत करत नाही, कारण थोडी रोधक केंद्रकंही सगळ्या तंतूला वाचवतात. एकेका बीजाणूपासून तीनदा वसाहत घ्या, किंवा एकच केंद्रक असलेल्या सूक्ष्म बीजाणूंपासून शुद्ध करा. शुद्धीसाठी संकर करू नका, जादा प्रती दिसताच रिप त्यांची चाळण करेल, आणि मूळ अल-१ चीही.

जी वसाहत कधीच नारिंगी होत नाही तिच्यात जनुक मोडलं असावं. फरक ओळखायला तिचे तंतू धडधाकट वाणाशी जोडा: नारिंगी झाली तर मोडलेलं, पांढरी राहिली तर गप्प केलेलं. आणि तुकडा जनुकाच्या वाचल्या जाणाऱ्या भागातला, किमान १३० अक्षरांच्या वरचा आहे ना, हे पाहा. जनुक चालू करणाऱ्या नुसत्या प्रवर्तक भागानं क्वेलिंग होत नाही.

वसाहतीच कमी येत असतील तर बीजाणू बर्फगार १ मोलर सॉर्बिटॉलमध्ये तीनदा धुवा. क्षार उरले तर जनुक आत शिरवायला देतात त्या विजेच्या झटक्याच्या वेळी क्युव्हेटमध्ये (छोट्या कुपीत) ठिणगी पडते आणि सगळं मरतं. २ मिलिमीटरच्या क्युव्हेटला १.५ किलोव्होल्ट, २५ मायक्रोफॅरड, ६०० ओहम ही रूढ मांडणी आहे. प्लेटमध्ये सॉर्बोज २ टक्के आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज ०.०५ टक्केच हवेत. ग्लुकोज वाढलं की वसाहती गोल न राहता सगळी प्लेट व्यापतात. आणि जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद झालेली असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

प्रश्न : मग याच युक्तीनं पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी का मारत नाहीत?
*— शेतकरी, मारेगाव*

तत्त्व लागू पडतं, अळी आड येते. अळीवर्गीय किडींच्या आतड्यात आणि रक्तात दुहेरी आरएनए लवकर कुजतो, म्हणून परिणाम भरवशाचा नसतो. भुंगेवर्गीय किडींत तो चांगला लागू होतो. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेला आरएनएवर चालणारा मका मुळं खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांसाठी आहे. बीटी कपाशीशी याचा संबंध नाही, तिथे प्रथिन काम करतं. बोंडअळीसाठी सध्या कामगंध सापळे आणि वेळेवर पऱ्हाटी उपटणं, हेच.

प्रश्न : वाण कुठून मागवावेत आणि कसे टिकवावेत?
*— अनेक पत्रं*

जगातला मोठा साठा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटरचा. तिथले २४८९ (मोठा ए) आणि ४२०० (लहान ए) हे नेहमीचे धडधाकट वाण. आयातीची कागदपत्रं लागतात, म्हणून आधी पुण्याच्या एनसीआयएम आणि चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-साठ्यांच्या याद्या पाहा. संकरासाठी 'फ्लफी' वाण मिळाला तर घ्याच, तो पावडर करत नाही, खोली स्वच्छ राहते.

तिरप्या आगराच्या नळ्या उणे २० अंशांत वर्षानुवर्षं टिकतात. साध्या फ्रिजमध्ये ठेवायच्या तर दोन-तीन महिन्यांनी नवी लावण करा. सर्वांत मोठा शत्रू वीज जाणं नव्हे, कोळीकीड. शेतातलं गवत, कुटार किंवा मातीचे नमुने त्याच खोलीत आणले की डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे कोळी बोळ्यातून आत शिरतात आणि एका नळीचे बीजाणू दुसरीत नेतात. पांढऱ्या वाणाच्या नळीत अचानक नारिंगी ठिपका दिसला तर जनुक बोलू लागलं म्हणण्याआधी भिंगातून बोळा पाहा, आणि प्रत्येक वाणाची एक नळी वेगळ्या खोलीत ठेवा.